चैत्राचा मोगरा आणि आपल्या दिंडीची फुलबाग



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं, अन् मंडळींनी इतिहासाचे विषय वाटून दिले. कुणाला विणेकऱ्यांची परंपरा, कुणाला मुक्कामाची गावं, कुणाला सप्ताहाच्या पंगती. आमच्या वाट्याला फुलबाग आली. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. कागदपत्रं म्हणावीत तर जमाखर्चाच्या जुन्या वह्या आहेत, पण त्यात फुलझाडांच्या नावानं खर्च अगदी क्वचित सापडतो. झाडांना पैसा लागलाच नाही, पाणी लागलं. अन् पाणी कुणी घातलं हे वहीत कोण लिहितो? म्हणून थोरल्यांच्या तोंडून जे ऐकलं अन् डोळ्यानं जे पाहिलं, ते इथं मांडतो.

आधी आपल्या उन्हाळ्याचं सांगू. बीड जिल्ह्याचं नाव काढलं की लोकांना दुष्काळ, टँकर अन् करपलेलं रान आठवतं. ते खोटं नाही. पण उन्हाळा लागतानाचे जे महिना-दीड महिना दिवस असतात, शिमग्यापासून चैत्र संपेपर्यंतचे, तेवढं फुलणं आमच्या मते बाराही महिन्यांत दुसऱ्या कुठल्या वेळी नाही. पावसाळ्यात हिरवं लई असतं, पण फूल उन्हाळ्याच्या तोंडाला. पंचांगवाल्यांनी चैत्र-वैशाखाला वसंत म्हटलं ते उगीच नाही.

माघ सरता सरता बालाघाटाच्या उतारावर काटेसावर फुलते. अंगावर पान नाही, नुसती लाल फुलं, अन् त्यावर साळुंक्या अन् कावळ्यांची झुंबड. मग पळस. लांबून बघावं तर डोंगराला कुणी कंदील लावलेत असं वाटतं. तो शिमग्याला बरोबर रंगात येतो. आम्ही लहानपणी फुलं उकळून रंगपंचमीचा रंग करायचो. पांगारा त्याच्याच मागोमाग. ज्वारीची काढणी उरकलेली असते, सिंदफणेची धार बारीक होत जाते, अन् बायका वाळूत झिरे पाडून वाटीवाटीनं पाणी भरू लागतात. पिंपळाला तांबूस पालवी फुटते. पाडव्याच्या आगंमागं कडुलिंबाला बारीक पांढरा फुलोरा येतो. तो गुळाबरोबर खायचा, म्हणजे वर्षाची सुरुवातच कडू-गोड. त्याच दिवशी सालगड्याचं साल ठरतं, म्हणून गड्याच्या घरी अन् मालकाच्या घरीही पाडवा हा हिशेबाचा दिवस. शिरीष अन् बहावा मागून येतात, वैशाखाकडं. शिरीषाचा वास रात्री येतो अन् झाड कुठं आहे ते दिसत नाही, हे आम्हाला फार आवडतं.

ही सगळी रानाची फुलं, त्यांना कुणी पाणी घालत नाही. आता लावलेल्या फुलांकडं येऊ.

आपली दिंडी निघाली तेव्हा मोगलाई होती. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तो १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. शिरूर अगदी हद्दीवर. पलीकडं पाथर्डी, शेवगाव हा नगर जिल्ह्याचा इंग्रजी मुलूख. पंढरपूरही इंग्रजीत, सोलापूर जिल्ह्यात. पैठण मोगलाईत खरं, पण शिरूरहून पैठणला जुन्या वाटेनं जायचं तर मध्ये इंग्रजी हद्द लागायची. म्हणजे वारकरी एका राज्यातून निघून दुसऱ्यात जायचा अन् पुन्हा पहिल्यात यायचा. वाटेत करोडगिरीचे नाके. आमचे आजे सांगायचे की नाक्यावरचा शिपाई पडशी झाडायचा अन् आत निघायचं काय, तर चार भाकरी, टाळ अन् तुळशीच्या मंजिऱ्या. त्यावर काय जकात घेणार?

पहिल्या पिढीत दिंडीची दोन पायी वारी असत. एक आषाढीची, ती सगळ्यांना माहीत आहे. दुसरी फाल्गुन वद्य षष्ठीची, नाथषष्ठीला पैठणला. शके १५२१ म्हणजे इ.स. १५९९ साली नाथमहाराजांनी गोदावरीत देह ठेवला ती ही तिथी. आषाढीला वारकरी पावसातून जातो, षष्ठीला उन्हातून. पहाटे चालायचं, दहा-अकरा वाजता झाड गाठायचं, उतरत्या उन्हाला पुन्हा चालायचं. दुपारच्या मुक्कामाला सावली लागते अन् पाणी लागतं. फुलबागेचं मूळ ह्या षष्ठीच्या वारीत आहे असं आमच्या आज्यांचं म्हणणं. वाटेतल्या एका गावात एका माळी बाबाच्या मळ्यात दिंडी दुपारची उतरायची. मोटेची विहीर, थारोळ्यातून पाट निघालेला, अन् पाटाच्या कडेनं मोगरा. उन्हातून आलेल्या माणसाला त्या वासानंच निम्मा शीण उतरल्यासारखं व्हायचं. निघताना त्या बाबानं दाब दिलेली मोगऱ्याची दोन रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून दिली. ती विणेकऱ्यानं डोक्यावर पैठणपर्यंत नेली अन् पैठणहून परत शिरूरला आणली. नाथांच्या गंगेचं पाणी पिऊन आलेला मोगरा म्हणून त्याला बागेत 'नाथाचा मोगरा' म्हणायचे, अजून म्हणतात.

देवळामागं अडीच गुंठे जागा होती. तिथं तो लागला. मग एकेकानं एकेक आणलं: कुणी तांबडी कण्हेर, कुणी तगर, कुणी जास्वंद. पांढरा चाफा कुणी लावला ते कुणालाच सांगता येत नाही. चाफ्याची गंमत बघा, फाल्गुनात त्याच्या अंगावर पान नसतं, वाळका सांगाडा वाटतो, अन् त्याच सांगाड्याच्या टोकाला फूल येतं. मधोमध तुळशीवृंदावन. वैशाखात त्यावर गळती टांगायची चाल तेव्हापासूनची, महादेवाच्या पिंडीवर टांगतात तशी. मडक्याला बारीक छिद्र, त्यात दर्भाची काडी, थेंब थेंब पाणी.

बागेचा नेम एकच होता. देवळाच्या विहिरीवर जो कुणी आंघोळ करील त्यानं एक घागर शेंदून बागेत टाकायची. अन् आंघोळीच्या दगडावरचं पाणी पन्हाळीनं कण्हेरीच्या आळ्यात जायचं. वेगळा माळी कधी ठेवला नाही.

मोगऱ्याबद्दल थोडं विस्तारानं सांगतो, कारण नवीन पोरं झाड लावतात अन् मग म्हणतात, बुवा, कळीच येत नाही. मोगऱ्याला ताण द्यावा लागतो. मोसंबीवाल्यांना हे सांगायला नको. कार्तिकानंतर पाणी तोडायचं. झाड मान टाकतं, पानं गळतात, बघवत नाही, तरी पाणी घालायचं नाही. मग पौषाच्या सुमारास छाटायचं, बुडाशी खणून शेणखत घालायचं, अन् मग पाणी सुरू. फाल्गुनात कोवळी फूट येते अन् त्या फुटीच्या टोकाला कळी. जुन्या काडीला नाही, नव्या फुटीलाच. म्हणून जो छाटायला भितो त्याला नुसता पाला मिळतो. चैत्रात बहर भरात असतो, ज्येष्ठापर्यंत चालतो. कळी उन्हं उतरताना खुडायची, तेव्हा ती घट्ट असते, दिवेलागणीनंतर उमलते. रात्रीच्या कीर्तनात हार घातला की पूर्वरंगाला कळ्या असतात अन् उत्तररंगाला फुलं. आम्ही चाळीस वर्षं कीर्तन करतो, आम्हाला आमच्या गळ्यातल्या हारावरून वेळ कळते.

माउलींच्या नावावर मोगऱ्याचा अभंग आहे. तो लताबाईंच्या आवाजात घरोघरी पोचला. त्याच्यावर आम्ही पुष्कळ निरूपण केलं आहे, इथं करत नाही. एवढंच सांगतो की तो अभंग निरूपणाला घेणाऱ्यानं एकदा तरी मोगरा छाटलेला असावा.

पंढरीला पाडव्यापासून मृग नक्षत्र निघेपर्यंत देवाची रोज चंदनउटीची पूजा होते. उन्हाळ्यात देवालाही उकडतं, हा त्यातला भाव. आळंदीलाही पाडव्याला माउलींच्या समाधीवर उटी होते. आपल्या देवळात चंदन उगाळायला खोड पहिल्यापासून होतं, पण रोजची उटी परवडायची नाही. मग मोगऱ्याच्या कळ्यांची चादर करायची. गार तर गार, वासाची तर वासाची. चैत्री एकादशीला दिंडीतली थोडी माणसं पंढरीला जायची, पण फूल तिथवर टिकायचं नाही. आठ-नऊ मुक्कामाची वाट, कळी दुसऱ्या दिवशीच पिवळी. पुढं एस.टी. आली, नंतर टेम्पो आले, तेव्हा संध्याकाळी खुडलेली कळी ओल्या फडक्यात, केळीच्या पानात बांधून पहाटे पंढरीत पोचू लागली. पहिल्यांदा हार पोचला तेव्हा आमचे वडील होते. देवाच्या पायावर आपल्या बागेचं फूल पडलं म्हणून त्यांनी गावात गूळ वाटला.

फूल पोचत नव्हतं त्या काळात रोप पोचायचं. नाथांची पालखी आषाढीला पैठणहून निघते ती आपल्याच तालुक्यातून जाते. राक्षसभुवन, रायमोहा, मग पाटोदा, खर्डा, परंडा, कुर्डू करत अरणला येते अन् तिथून करकंबवरून पंढरीला. अरण म्हणजे सावता महाराजांचं गाव. शके १२१७, इ.स. १२९५ साली त्यांनी तिथंच देह ठेवला. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत अशी कथा आहे, अन् आजही आषाढ वद्यात पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते. सगळ्या संतांच्या पालख्या देवाकडं जातात, इथं देव माळ्याकडं जातो. आपल्या दिंडीतली म्हातारी माणसं अरणच्या मुक्कामाला आपल्या बागेतलं एखादं रोप न्यायची अन् तिथल्या कुणाच्या तरी मळ्याच्या बांधाला लावून यायची. पाऊस लागलेला असायचा, रोप जगायचं.

आता १९७२ चं सांगायला पाहिजे.

त्या साली आम्ही लहान होतो, शाळा सुटली होती. आदल्या दोन सालीही पाऊस ओढ धरून होता, त्या साली तर काहीच नाही. मोठी माणसं खडी फोडायला, नालाबांधावर. सुकडी अन् तांबडी मिलो खाल्ल्याचं आम्हाला आठवतं. देवळाच्या विहिरीला तळाशी हातभर पाणी. घागर बुडायची नाही, वाटीनं भरून वर ओढायची. अन् अशात फाल्गुन आला. मोगऱ्याला ताण पडलेला होता, आता पाणी घालायची वेळ.

देवळात बैठक बसली. एक बाजू म्हणाली, देवाची बाग आहे, पहिल्या पिढीनं राखलेली, चार घागरी काय होतात? दुसरी बाजू म्हणाली, दावणीला जनावर आ करून उभं आहे. वाद वाढला. त्या रात्री थोरल्या बुवांचं कीर्तन होतं. त्यांनी नाथांची कथा लावली: काशीहून कावड भरून आणलेली, रामेश्वराला वाहायची, अन् वाळवंटात तहानेनं तडफडणारं गाढव बघून नाथांनी सगळी कावड त्याच्या मुखात ओतली. ही कथा आपण सगळे शंभर वेळा ऐकतो. पण त्या रात्री पाण्याचा प्रश्न खराच समोर होता, अन् मंडपात कुणी खोकलंही नाही. कीर्तन संपलं अन् बुवा म्हणाले, "बागंचं पाणी हौदात सोडा. मोगरा जळाला तर जळू द्या, देवानं रागावू नये एवढी आपण त्याची विनंती करू."

अन् मोगरा जळाला. कण्हेर तगली, ती कशालाही तगते. चाफा तगला. बाकी आळ्यांत नुसत्या काड्या. तुळस एका म्हातारीनं घरच्या मडक्यात जगवली. त्या चैत्रात देवाला कडुलिंबाचा फुलोरा वाहिला, दुसरं काही नव्हतं. आमच्या लहान डोळ्यांना तो काही वाईट दिसला नाही.

पण झाड दिलेलं असलं की जात नाही. दुष्काळाच्या आधी कधीतरी आपल्या गावची एक लेक पलीकडं नगर जिल्ह्यात दिली होती. तिच्या आईनं सासरी जाताना नाथाच्या मोगऱ्याचा दाब करून दिला होता. तिच्या सासरी पाटाचं पाणी होतं. पुढं पाऊसपाणी बरं झालं, अन् ती मढीच्या यात्रेला आली. मढी कानिफनाथांचं ठिकाण, होळीपासून पाडव्यापर्यंत यात्रा असते, पैठणहून गंगेचं पाणी कावडीनं तिथं येतं. तिथून माहेर जवळ म्हणून ती आली, अन् लुगड्याच्या पदराखाली डब्यात तीन रोपं. "आमच्याकडं तुमचं हाय, ते घ्या," एवढंच म्हणाली. आज बागेत जेवढा मोगरा आहे तो सगळा त्या तीन रोपांचा.

त्याच्या पुढचा काळ ऊसतोडीचा. आपल्या भागातून दसरा-दिवाळीला कोयते निघतात, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगर, खाली कर्नाटकापर्यंत. उचल घेतलेली असते, मुकादमाचा निरोप आला की जावंच लागतं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. गावात उरतात म्हातारी माणसं अन् शाळेतली लेकरं. कार्तिक ते फाल्गुन आपला हरिपाठ आठ-दहा जणांत व्हायचा, टाळ भिंतीला टांगलेले राहायचे. ही बाग त्या काळात म्हाताऱ्यांनी अन् लेकरांनी राखली. ताण द्यायचे महिने म्हणजे माणसं नसण्याचे महिने, हे मोगऱ्यानं बरं साधलं. अन् पाणी सुरू करायच्या वेळेला आजीनं नातवाला हाक मारायची, "जा रं, दोन घागरी टाकून ये, तुझी माय यायची झाली."

कारखान्याचा पट्टा पडला की गाड्या परत येतात. कधी पाडव्याआधी, कधी नंतर, ऊस किती उरला त्यावर. पूर्वी टायरच्या बैलगाड्या रांगेनं यायच्या, आता ट्रॅक्टर अन् ट्रक. गाडीत कोपीचा संसार, वर कोंबड्या, शेळी, झोपलेलं लेकरू. आपल्या शिरूरला उन्हाळा लागल्याची खरी खूण कोणती म्हणून कुणी विचारलं तर आम्ही हीच सांगू. त्या रात्री हरिपाठाला चाळीस टाळ असतात. बाया पहिल्यांदा बागेकडं जातात, पाच-सहा महिने उसाच्या पाचटाचा वास नाकात बसलेला असतो. एकेक कळी केसात खोवतात. देवाच्या आधी घेतलेली कळी म्हणून कुणी कधी हटकलं नाही, अन् हटकू पण नये. भगवानगडाचा नारळी सप्ताह चैत्राच्या सुमारास असतो, दरवर्षी वेगळ्या गावात. भगवानबाबांनी १९६५ साली देह ठेवला, तरी ती चाल जोरात चालू आहे. परत आलेली माणसं आठ दिवस तिथं जातात, अन् आपल्या बागेच्या कळ्या पोत्यानं नाही पण टोपलीनं तिथं जातात.

पैठणला जायकवाडी धरण १९७६ साली पुरं झालं, नाथसागर भरला, अन् धरणाच्या खाली म्हैसूरच्या वृंदावनासारखी मोठी बाग केली, तिला ज्ञानेश्वर उद्यान नाव दिलं. षष्ठीला गेल्यावर दिंडीतली पोरं ती बघायला पळायची. आम्हीही पाहिली. कारंजी, दिवे, गुलाबाचे वाफे, बघून डोळे दिपायचे. मधल्या वर्षांत तिची रया गेली. इतकं पाणी शेजारी असून बाग सुकते, हे आम्हाला अडीच गुंठेवाल्यांना कोडंच आहे. आमच्या समजुतीनं बागेला धरणापेक्षा घागर घेऊन येणारं माणूस जास्त लागतं.

आता चालू काळाचं. १९९९ साली शिरूर तालुका झाला, कचेऱ्या आल्या, घरं वाढली, जागेला भाव आला. देवळात बोअर झालं, नळी आली. आंघोळीचा दगड गेला, त्याबरोबर घागरीचा नेमही सैल झाला. २०१३ अन् २०१६ च्या उन्हाळ्यात बोअरनंही दम तोडला. त्या दोन्ही सालीं टँकरचं पाणी प्यायला पुरत नव्हतं, तेव्हा घरोघरची भांडी घासलेलं पाणी राख गाळून बागेत आलं. निम्मी झाडं वाचली.

शताब्दीच्या निमित्तानं देवळामागं मोठा सभामंडप बांधावा, खाली पेव्हर ब्लॉक बसवावेत, असा विचार पुढं आला आहे. नकाशा झाला आहे, देणगीदारही पुढं आले आहेत. मंडप पाहिजे, आम्हाला मान्य आहे. सप्ताहाला माणूस उन्हात बसतो, म्हाताऱ्यांना भोवळ येते. पण नकाशात बागेच्या जागेवर चपला ठेवायचं शेड अन् मोटारी लावायची जागा दाखवली आहे. आमचं म्हणणं बैठकीत मांडलं, इथंही लिहून ठेवतो. मंडपाचं तोंड पूर्वेला फिरवलं तर बाग जशीच्या तशी राहते. मिस्त्रीनं दोरी लावून मोजून दाखवलं आहे. मोटारी बाजारतळावर लागतील, तिथं बाजार आठवड्यातून एकदाच असतो. अन् मंडपाच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हाळीनं खड्ड्यात मुरवलं तर बोअरलाही आधार होईल. काही मंडळींनी मान हलवली, काही गप्प बसली. निर्णय अक्षय्य तृतीयेच्या बैठकीत व्हायचा आहे. ज्या घरांतून घागर आली त्या घरांतल्या माणसांनी, बायामाणसांनी सुद्धा, त्या बैठकीला यावं.

आज बागेत नाथाचा मोगरा सव्वीस झाडं आहे. त्यात सात बटमोगरा आहे, तो अलीकडं आणलेला, फूल मोठं पण वास आमच्या नाकाला कमी. कण्हेर चार, तगर दोन, जास्वंद तीन, चाफा एक. तुळशी मोजत नाही. यंदा छाटणी पौषातच झाली, फूट चांगली आहे. पाण्याची पाळी सोमवारी अन् गुरुवारी लेकरांची, बाकी दिवशी आमची. गाड्या अजून आल्या नाहीत. सांगलीकडं ऊस उरला आहे म्हणतात.